पाऊस आला की लिंक गेली. हिशोब मात्र वर्षाचा!

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की अर्धापूरच्या पुढे कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा लागते. केळी, हळद, ऊस आणि सोयाबीन यांच्या जोरावर या परिसराचा सारा कारभार चालतो. अशा बाजाराच्या गावांत आता बँक, एटीएम, सेवा केंद्र, खते-बियाण्यांची दुकाने सगळे काही यंत्रावर आले आहे. ज्या ठिकाणी जमिनीखालची तार भरवशाची नाही, तिथे ही जोडणी छपरावरच्या छत्रीतून थेट उपग्रहाशी केली जाते. आणि तिथेच "पाऊस आला, लिंक गेली" हे वाक्य आता इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे कारण कोणी विचारीत नाही. रांगेतला माणूस आभाळाकडे पाहतो, कर्मचारी संगणकाकडे पाहतो, आणि दोघेही गप्प बसतात.

आमचे म्हणणे असे की हा विषय आभाळावर सोडून देण्याचा नाही. पावसाने उपग्रहाची जोडणी किती तुटेल याचा हिशोब आधी मांडता येतो. ती कमी तुटावी याचे उपायही माहीत आहेत. ते करायचे की नाही, हे छत्री बसवणारा आणि ती विकत घेणारा यांच्यातल्या सौद्यावर ठरते. म्हणूनच व्यापाराच्या या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत.

प्रथम जोडणी तुटते कधी ते पाहा. ती डिसेंबरात तुटत नाही. ती जून ते ऑक्टोबर या काळात तुटते, म्हणजे पीक कर्जाचे नूतनीकरण, खते-बियाण्यांची उचल आणि पीक विम्याची धावपळ ज्या महिन्यांत असते नेमकी तेव्हा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपासाठी अर्जाची मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलैची असते. अतिवृष्टीने किंवा पाणी साचून नुकसान झाल्यास २०२४ पर्यंत राज्यात ते ७२ तासांच्या आत कळवावे लागत असे. म्हणजे ज्या पावसाने पीक आडवे केले, त्याच पावसाने कळवण्याचे साधनही आडवे करायचे, आणि मुदतीचे घड्याळ मात्र चालूच राहायचे! शहरातल्या ग्राहकाचा पावसात टीव्ही गेला तर त्याचा सामना हुकतो. इथे माणसाचा हंगाम हुकू शकतो.

आता कारण. पुष्कळांची समजूत अशी की उपग्रह फार लांब असल्यामुळे असे होते. ती खरी नाही. दूरसंचाराचे बहुतेक भारतीय उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत, आणि या साऱ्या वाटेत पाऊस असतो तो फक्त शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये. त्याच्या वर ढगात गोठलेले बर्फाचे कण असतात आणि त्यांचा उपद्रव फारच कमी. हजारो किलोमीटर सुखरूप आलेला संकेत दाराशी येऊन भिजतो, असा हा प्रकार आहे. त्यामुळे अलीकडचे, साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह जवळ आहेत म्हणून त्यांना पावसाची बाधा होत नाही, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. शेवटचे पाच किलोमीटर त्यांनाही चुकत नाहीत.

खरा फरक पडतो तो लहरीच्या लांबीने. चार गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब असते, बारा गिगाहर्ट्झची अडीच सेंटिमीटर आणि तीस गिगाहर्ट्झची एकच सेंटिमीटर. पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा. लांब लहर अशा थेंबांना ओलांडून जाते, तर आखूड लहर त्यांच्यात शोषली जाते आणि विखुरते. मिनिटाला एक मिलिमीटर, म्हणजे तासाला ६० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळत असेल आणि संकेताला अशा पावसातून तीन किलोमीटर यावे लागले, तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्रांनुसार चार गिगाहर्ट्झच्या संकेताची शक्ती शेकडा पाचच्या आसपास घटते. बारा गिगाहर्ट्झवर ती एक-अष्टमांश उरते. वीस गिगाहर्ट्झवर शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. तीसवर तर तीन हजारातला एक भाग! वीस आणि तीस गिगाहर्ट्झच्या या पट्ट्याला का-बँड म्हणतात, बारा-चौदाच्या पट्ट्याला कू-बँड आणि चार-सहाच्या पट्ट्याला सी-बँड.

ज्यांना नव्वदचे दशक आठवते त्यांना याचा पुरावा वेगळा द्यायला नको. केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीची ती मोठी थोरली छत्री असे. मुसळधार पावसात वीज जाई, खांबावरची वायर तुटे, पण त्या छत्रीतले चित्र क्वचितच जाई. ती सी-बँडची छत्री होती. पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट सेवा आली, तिच्या मागेपुढे खासगी कंपन्याही आल्या, आणि घरोघरी परातीएवढ्या छत्र्या लागल्या. त्या कू-बँडच्या. छत्री लहान झाली, स्वस्त झाली, आणि पावसात चित्र जाऊ लागले. गैरसोय लोकांनी पत्करली, कारण मोबदल्यात स्वस्ताई मिळाली. टीव्हीपुरता हा सौदा वाईट नव्हता.

परंतु पैशाच्या व्यवहारांचे काय? तिथे आपल्याच राज्यातले उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार पडद्यावर सुरू केले, तेव्हा देशभरातील दलालांना जोडण्यासाठी टेलिफोनच्या तारांवर विसंबून चालणार नव्हते. त्यांनी दलालांच्या कचेऱ्यांवर व्हीसॅटच्या छत्र्या बसवल्या; ही संख्या पुढे दोन हजारांच्या वर गेली. आणि लहरी निवडल्या त्या विस्तारित सी-बँडच्या. त्यासाठी मोठ्या छत्र्या घ्याव्या लागल्या. पण मुंबईसारख्या ठिकाणी ऐन पावसाळ्यात बाजार चालवायचा तर ही निवड शहाणपणाची होती असे आम्ही मानतो. त्याहीपूर्वी १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उभे राहिलेले विक्रम भू-केंद्र याच पट्ट्यावर परदेशांशी बोलत असे. सांगायचे तात्पर्य, पावसाच्या देशात उपग्रहाचा व्यवहार कसा करायचा हे आपल्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

मग सगळ्यांना सी-बँडच का देऊ नये? कारण त्या पट्ट्यात आता जागा नाही. जुन्या पट्ट्यांत गर्दी झाली आणि वेगाची भूक मात्र वाढली, म्हणून सारे जग वरच्या पट्ट्यांकडे सरकत आहे. आपला जीसॅट-११ हा डिसेंबर २०१८ मध्ये गेलेला उपग्रह कू आणि का या दोन्ही पट्ट्यांत काम करतो. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतून सोडलेला जीसॅट-एन २ हा तर का-बँडचाच, सेकंदाला ४८ गिगाबिट क्षमतेचा. म्हणजे यापुढे खेड्यात जी छत्री येईल ती पावसाला अधिक भिणारी असेल. इस्रोला याची जाणीव आहे. जानेवारी २०१४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१४ वर का-बँडचे दोन संकेत-दीप मुद्दाम बसवले होते, ते आपल्या हवेत आणि पावसात या लहरींचे काय होते याची मोजणी करण्यासाठीच. शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. प्रश्न आहे तो गावातल्या छपरापर्यंत ते पोहोचण्याचा.

इथे मराठवाड्याबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. "तुमच्याकडे कुठे कोकणासारखा पाऊस पडतो?" असे विचारले जाते. हिंगोलीचा पाऊस वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटरच्या घरातला, हे खरे. परंतु छत्रीला वर्षाच्या बेरजेशी काही देणेघेणे नाही. तिला त्रास होतो तो त्या पंधरा-वीस मिनिटांत पाऊस किती जोरात कोसळतो याचा. दिवसभर रिपरिपणाऱ्या पावसात जोडणी टिकते. दुपारनंतर आभाळ काळे होऊन वीज कडाडत येणाऱ्या सरीत ती जाते. आणि मराठवाड्यातला पाऊस अशाच सरींचा. उत्तर युरोपात सर्वांत जोरदार पावसाचा, वर्षातल्या तासाभराचा वेग ताशी पंचवीस-तीस मिलिमीटर धरून यंत्रणा आखतात. आपल्या उष्ण प्रदेशात तो ऐंशी-शंभरच्या पुढे धरावा लागतो. तिकडच्या आखणीची यंत्रणा इकडे जशीच्या तशी लावली तर ती इथल्या पहिल्याच वळवात उघडी पडेल. आपल्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. डोंगरकड्याहून आपले उपग्रह जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर दिसतात. त्यामुळे संकेताला पावसातून तिरके लांब जावे लागत नाही. लंडनला ही सोय नाही.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. सेवा देणारे सांगतात, "आमची जोडणी वर्षात ९९.५ टक्के वेळ चालू राहील." ऐकणाऱ्याला वाटते, आणखी काय हवे? पण वर्षाचे तास ८,७६०. त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. हे ४४ तास बारा महिन्यांत सारखे वाटले गेले असते तर तक्रार नव्हती. पण उन्हाळ्या-हिवाळ्यात जोडणी तुटण्याचे कारणच नसेल, तर ते सगळेच्या सगळे पावसाळ्यात येणार. जोरदार सरी बहुधा दुपार ते रात्र येतात. त्यातले निम्मे तास कामकाजाच्या वेळेत आले असे धरून चालू, तर २२ तास होतात. बँकेचा दिवस सहा तासांचा धरला तर खरिपाच्या ऐन हंगामातले जवळपास चार पूर्ण दिवस बुडाले. आणि कागदावर ९९.५ टक्के खरेच राहिले! ऊस घालणाऱ्याला काटा मारणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वर्षाच्या सरासरीने पावसाळ्याचे मोजमाप करणे हाही आमच्या मते काटा मारण्याचाच प्रकार आहे, फक्त इथे वजनाऐवजी वेळ मारली जाते.

म्हणून मागणी अशी हवी की जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत, कामकाजाच्या वेळेत, जोडणी किती टक्के चालू राहील तेवढेच सांगा, आणि तेच करारात लिहा. नेहमीचा पाऊस 'नैसर्गिक आपत्ती'च्या कलमात बसवू देऊ नये. पूर, भूकंप, वीज पडणे या आपत्ती झाल्या. जुलैमधला पाऊस ही आपत्ती कशी?

हा आकडा लिहून देणे शक्य आहे का? निश्चितच आहे, कारण उपाय पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही अगदी स्वस्त आहेत. सर्वांत साधा उपाय मोठ्या छत्रीचा. छत्रीचा व्यास दुप्पट केला की ती चौपट संकेत गोळा करते. १२० सेंटिमीटरऐवजी १८० ची बसवली तर सव्वादोन पट. पावसात एक-अष्टमांश उरणाऱ्या संकेताला हा आधार लहान नव्हे. खर्च एकदाच होतो. परंतु मोठ्या छत्रीला वाराही जास्त लागतो, आणि तिची नजरही अधिक अरुंद असते. १८० सेंटिमीटरची कू-बँडची छत्री अर्धा अंश जरी हलली तरी निम्मी शक्ती जाते. डोंगरकड्याच्या शिवारात वळवाचा वारा केळीच्या बागा आडव्या करतो, हे इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. तोच वारा छपरावरच्या छत्रीलाही हलवतो. पत्र्यावर चार स्क्रू मारून बसवलेली छत्री पहिल्या वादळात किंचित फिरते, कोरड्या हवेत काम भागते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग सगळा पावसाळा दोष पावसाला दिला जातो. पाया काँक्रीटचा हवा, आणि वादळानंतर दिशा पुन्हा तपासायला हवी.

दुसरी बाब ओल्या तोंडाची. अमेरिकेच्या नासाने सप्टेंबर १९९३ मध्ये का-बँडचा एक प्रायोगिक उपग्रह सोडला होता. पुढे काही वर्षे चाललेल्या मोजणीत आढळले की संकेताची सगळीच घट आकाशातल्या पावसाने होत नाही. छत्रीच्या पृष्ठभागावर आणि तिच्या समोरच्या तोंडावर साचलेला पाण्याचा पातळ थरही त्यात आपला वाटा उचलतो. उपाय अगदी घरगुती: तोंडावर छोटे झाकण किंवा आडोसा करावा, पाणी टिकू न देणारा लेप द्यावा, छत्रीवरची धूळ-शेवाळ पुसावी. एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा मार्ग मात्र टाळावा, कारण ओली होऊन चिकटलेली पिशवी हाच पाण्याचा नवा थर ठरतो. जोडावर पाणी शिरू नये म्हणून तिथे योग्य पट्टी गुंडाळणे आणि वायरीला खाली झोल देणे, एवढ्याने पुष्कळ तक्रारी मिटतील.

तिसरा उपाय यंत्राच्या बोलण्याचा आहे, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजू लागला की आपण काय करतो? सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतो. २००५ पासून प्रचारात आलेल्या डीव्हीबी-एस २ या पद्धतीची यंत्रे नेमके हेच करू शकतात. आभाळ स्वच्छ असताना भरभर बोलतात. संकेत अशक्त झाला की आपोआप बोलणे सावकाश करतात. वेग नवव्या हिश्श्यावर आला तरी जोडणी तुटत नाही. बँकेच्या एका व्यवहाराला काही किलोबाइट पुरतात. त्याला चित्रपट पाहायचा नाही! म्हणून पावसात वेग कमी होऊ द्यावा, पण त्या कमी वेगात पैशाच्या व्यवहाराला पहिला मान द्यावा आणि बाकीचे मागे थांबवावे, अशी मांडणी यंत्रात करता येते. ती मागितल्याशिवाय होत नाही, हा भाग वेगळा.

चौथी गोष्ट ग्राहकाला कधीच सांगितली जात नाही. डोंगरकड्यात लख्ख ऊन आहे आणि तरी लिंक नाही, असेही घडू शकते. कारण गावातली छत्री उपग्रहामार्फत एखाद्या मोठ्या शहरातल्या मुख्य केंद्राशी बोलते. त्या केंद्रावर ढगफुटीसारखा पाऊस कोसळत असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेली गावे एकदम गप्प होतात. यावर इलाज दोन. एक, पाऊस सुरू होताच केंद्राने आपला आवाज, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती, वाढवावी. दुसरा, दोन केंद्रे एकमेकांपासून पुष्कळ लांब ठेवावीत. जोरदार सरीचा गाभा काही किलोमीटरचाच असतो. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी तशीच सर येण्याचा संभव फार कमी. का-बँडमध्ये तर दुसऱ्या केंद्राशिवाय सेवा विकूच नये, असे आमचे मत आहे. हा खर्च सेवा देणाऱ्याचा आहे, खेड्यातल्या ग्राहकाने मोठी छत्री घेऊन तो भरून निघत नाही.

आणि शेवटी, एकाच वाटेवर विसंबू नये. छत्रीच्या जोडीला मोबाइलचे एक सिम असलेले यंत्र ठेवले तर एक वाट बंद झाली की दुसरी आपोआप सुरू होते. मात्र हेही पाहावे की त्या मोबाइल टॉवरला पुढची जोडणी कशाची आहे. टॉवरवर ढोलासारख्या ज्या गोल तबकड्या दिसतात, त्याही पंधरा-अठरा गिगाहर्ट्झसारख्या लहरींवर एकमेकींशी बोलतात, आणि पावसाने त्यांचीही तीच गत होते. जमिनीखालची प्रकाशतार असलेला टॉवर असेल तर उत्तम. छोट्या दुकानदारांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये जोडणीशिवाय लहान रकमांच्या देयकांना वाट मोकळी केली; सुरुवातीची २०० रुपयांची मर्यादा ऑगस्ट २०२३ मध्ये ५०० केली गेली. त्याचा प्रसार बाजाराच्या गावांत व्हायला हवा.

पावसात एटीएमवर गेलेल्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. खात्यातून पैसे वजा झाले, पण यंत्रातून नोटा आल्या नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि ती मागण्यासाठी ग्राहकाने अर्ज करण्याचीही गरज नाही. लिंक पावसाने तुटली, ही सबब इथे चालत नाही.

आमच्या तरुणांसाठीही यात काम आहे. छत्री बसवणे हे आज 'डिशवाल्या पोराचे' किरकोळ काम समजले जाते. दिशा मोजण्याचे मीटर, काँक्रीटचा पाया, जोडांची जलरोधक बांधणी, विजेपासून बचावासाठी भूसंपर्क, एवढे नीट शिकलेला कारागीर मे महिन्यात परिसरातल्या बँका, सेवा केंद्रे, पेट्रोलपंप आणि शाळांच्या छत्र्यांची तपासणी वार्षिक ठेक्याने घेऊ शकतो. भांडवल थोडे लागते. लागतो तो काटेकोरपणा.

हे सारे आजच मांडण्याचे कारण असे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या परदेशी कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. दुर्गम भागातल्या शासकीय संस्था आणि वस्त्या उपग्रहाने जोडण्याचा त्यात विचार आहे, आणि गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम या जिल्ह्यांची नावे त्यात आहेत. वाशिम हा तर हिंगोलीचा सख्खा शेजारी. या कंपनीची ग्राहकाकडची छत्री कू-बँडवर चालते आणि मुख्य केंद्रे का-बँडवर. तिचे उपग्रह आकाशात सतत फिरते असल्याने ढगाच्या आडून दुसऱ्या उपग्रहाकडे वळण्याची सोय तिच्याकडे आहे, हे मान्य. पण छत्री लहान आहे, आणि उपग्रह क्षितिजाकडे झुकलेला असेल तर पावसातली वाट लांबते. इरादापत्र म्हणजे करार नव्हे. करार होईल तेव्हा वाशिमच्या एखाद्या गावात आणि धाराशिवच्या एखाद्या गावात एक पूर्ण पावसाळा छत्री लावून, जून ते ऑक्टोबरच्या तासातासाची नोंद ठेवून, ती लोकांसमोर ठेवावी आणि मगच दर ठरवावा, अशी आमची शासनाला सूचना आहे. हिंगोलीच्या लोकप्रतिनिधींनी यात डोंगरकडा परिसरातले एक ठिकाण घालण्याचा आग्रह धरावा. छपरे इथे आहेत, पाऊसही आहे.